बारा फायली, एक माफीनामा

बॉटनीच्या त्या फायलीचा विषय निघाला की अजूनही माझं डोकं सणकतं. मैत्रिणी म्हणतात, सोड ना आता, झालीस ना पास. झाले पास. कशी झाले ते त्यांना माहीत नाही, म्हणून सोपं वाटतं बोलायला.

मी आसगावची. पवनी तालुक्यातलं गाव, घरातून बाहेर पाऊल टाकलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. बारावीनंतर भंडाऱ्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं आणि मुलींच्या सरकारी वसतिगृहात जागा भेटली. पहिल्याच दिवशी वॉर्डनबाईंनी आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उभं करून सांगितलं, एक विषय जरी अडकला तरी जागा जाईल, मागे यादी लागलेली आहे. जागा गेली म्हणजे माझं कॉलेजच गेलं. आसगावहून पवनी, पवनीहून भंडारा, दोन बसगाड्या बदलून रोज सकाळी आठच्या प्रॅक्टिकलला कोणी पोहोचून दाखवावं. खोली करून राहायची गोष्ट तर आमच्या घरात काढायचीच सोय नव्हती. पहिलं वर्ष सगळे म्हणतात मजेचं असतं. मी ते वर्ष त्या यादीच्या धाकात काढलं.

बॉटनीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी विचारलं, "खेड्यातून कोण कोण येतं?" साठ पोरांच्या वर्गात मी टेचात हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सर म्हणाले, "वा. मग आमची चिंता मिटली."

त्यांची चिंता अशी होती की प्रॅक्टिकलला झाडं लागतात. कधी शेवाळ, कधी नेचा, कधी करपा लागलेलं धानाचं पान. ते आणायचं काम कॉलेजातल्या शिपायाचं, पण शिपाई कंटाळा करायचा. मग दर शनिवारी सर मला आठवड्यानंतर लागणाऱ्या झाडांची यादी द्यायचे. मी घरी जायची आणि सोमवारी पहाटेच्या बसमध्ये पायाशी ओली पिशवी घेऊन बसायची. कंडक्टर म्हणायचा, "बाई, भाजी इकाले चालली का?" बाजूचे लोक सरकून बसायचे. एकदा पिशवी गळली आणि एका बाईचं नवं लुगडं भिजलं. तिने पवनी येईपर्यंत माझा उद्धार केला. मी गप्प ऐकून घेतलं, कारण सरांनी माझ्यावर काम सोपवलं होतं ना. सरांना माझं नाव माहीत आहे याचं मला केवढं कौतुक. नाव कुठलं, ते मला "आसगाव" म्हणूनच हाक मारायचे. "आसगाव, कमळाचा देठ आणला का?"

खरं सांगायचं तर झाडं मी आणतच नव्हते. आणायची माझी आई. मी गावी पोहोचेपर्यंत शनिवारची संध्याकाळ व्हायची. आई आठवडाभर रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, नंतर निंदणाला जायची, आणि मी फोनवर सांगितलेलं ध्यानात ठेवून एकेक रोप पदरात बाजूला काढून ठेवायची. तिला या सगळ्याचं भारी हसू यायचं. "अवो माय, आम्ही दिवसभर वाकून वाकून हे उपडून फेकतो, आन तुमी ते कागदावर चिकटवून मार्क घेता?" पण आणायची. बोडीत, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्यात, एक पाणवनस्पती उगवते, पिवळं नाजूक फूल आणि पाण्याखाली बारीक पिशव्या. ती किडे खाते. सरांनी वर्गात सांगितलं की ही बघायला लोक दूरदूर जातात. आईने गुडघाभर चिखलात उतरून ती काढली आणि डब्यात पाणी भरून दिली. तो डबा मी मांडीवर धरून भंडाऱ्यापर्यंत नेला. सरांनी तो सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हणाले, "बघा, मी तुमच्यासाठी काय मिळवलं आहे." मी पहिल्या बाकावर बसले होते. तेव्हा मला त्याचाही राग आला नाही, इतकी मी बावळट.

सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येकाने हर्बेरियमची फाईल द्यायची होती. वीस झाडं दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, खाली चिठ्ठी लावायची: झाडाचं नाव, कूळ, कुठं सापडलं, कधी, कोणी गोळा केलं. पावसाळ्यात झाड वाळवणं म्हणजे खेळ नाही. वर्तमानपत्रात दाबलं तरी कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी चढते. मी भंडाऱ्यात, झाडं आसगावात. आई रोज संध्याकाळी शेतातून आली की आधी कागद बदलायची, मग चूल पेटवायची. दाबायला तिने तांदळाचे दोन कट्टे, म्हणजे भरलेली पोती, वर ठेवले होते. खराब होतील म्हणून एकेका झाडाचे चार-पाच नमुने वाळवले. तरोटा, माका, आघाडा, कुरडू, सावा, सगळं.

आता माझी चूक सांगते, कारण ती माझीच आहे. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत कोणाचे पऱ्हे, म्हणजे लावायची धानाची रोपं, कमी पडले तर तो शेजाऱ्याच्या बांधावर येऊन मागतो. त्याला नाही म्हणत नाहीत. मोजतही नाहीत. आणि द्यायचे तर हिरवेगार, जोमाचे जुडगे द्यायचे, पिवळे पडलेले आपल्या बांधीत खपवायचे. मागायला आलेल्याला रोगट पऱ्हे दिले तर गावात वर्षभर नावं ठेवतात. मी हेच पाहत मोठी झाले.

फाईल द्यायच्या आठवडाभर आधी माझ्या बाकावर बसणारी मुलगी म्हणाली, "यार, माझ्याकडे एकही झाड नाही. तुझ्याकडे तर ढीगभर आहे, दे ना." भंडाऱ्यातलीच होती, रोज डबा वाटून खायचो, मी तिला मैत्रीण समजायची. दिली. तिला बघून दुसरी आली, मग तिसरी, मग मुलंही आली. बारा जणांना दिली मी झाडं. त्यातली चांगली चांगली दिली, पान न मोडलेली, फुलासकट. माझ्या फाईलला उरलं ते तुकडे तुकडे, एका झाडाला मुळं नाहीत, दुसऱ्यावर डाग. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "दे वं, आपल्याकडं काय कमी आहे." बाकावरची म्हणाली, चिठ्ठ्या पण दाखव, कशा लिहायच्या ते कळेल. मी दाखवल्या. बाराही जणांनी त्या जशाच्या तशा उतरवल्या. फक्त गोळा करणाऱ्याचं नाव तेवढं आपापलं घातलं. बस्स, एवढीच त्यांची मेहनत.

दिवाळीनंतर प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले होते. त्यांनी फायली चाळायला घेतल्या आणि एकदम थांबले. एकेक फाईल टेबलावर रांगेत लावली. म्हणाले, "आसगाव, बोडीजवळ. आसगाव, बोडीजवळ. हीसुद्धा आसगाव. तारीख पण तीच. तेरा विद्यार्थी एकाच दिवशी एकाच बोडीवर गेले होते का?" सर हसले. म्हणाले, "पोरं एकमेकांचं पाहून लिहितात हो." परीक्षक म्हणाले, "ते दिसतंच आहे. मूळ कोणाची?"

मग त्यांनी स्वतःच निवड केली. बाकावरच्या मुलीची फाईल सगळ्यात देखणी होती, कव्हर छापून आणलेलं, झाडं अख्खी. ती मूळ ठरली. माझी उचलून म्हणाले, "आणि ही बघा. दुसऱ्यांचं उरलंसुरलं गोळा करून बनवलेली."

मी उभी राहिले. म्हणाले, "सर, मूळ फाईल माझी आहे. आसगाव माझं गाव आहे. मीच सगळ्यांना झाडं दिली." परीक्षकांनी आमच्या सरांकडे पाहिलं. पावसाळाभर ज्या माणसाने दर शनिवारी माझ्या हातात यादी दिली, तो माणूस हजेरीच्या वहीत पाहत म्हणाला, "असेल. मला नक्की आठवत नाही."

नक्की आठवत नाही. ते वाक्य आठवलं की आजही हातातली वस्तू फेकून मारावीशी वाटते. परीक्षकांनी बाकावरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही सगळ्या मिळून गेलो होतो सर." कुठे गेली होती? तिला आसगाव कोणत्या रस्त्याला लागतं तेसुद्धा माहीत नव्हतं. चोर तो चोर, वर शिरजोर. मी म्हटलं, चिठ्ठ्या झाका आणि कोणतंही झाड दाखवून विचारा, ते बांधावर उगवतं की बांधीत की पाण्यात. परीक्षक म्हणाले, वेळ नाही, अजून अर्धी बॅच बाकी आहे. बाकीच्या अकरा जणांचे दोन-दोन मार्क कापले. माझ्या फाईलला शून्य.

दुपारी सरांनी मला डिपार्टमेंटला बोलावलं. एकदम मऊ आवाजात बोलले. "बघ, शून्य राहिलं तर तुझं प्रॅक्टिकल जातं. तू होस्टेलची आहेस ना? मला माहीत आहे तिथला नियम. असं कर, एक माफीनामा लिहून दे. फाईल दुसऱ्याची पाहून बनवली, झाडं स्वतः गोळा केली नाहीत, पुन्हा असं करणार नाही. परीक्षक उद्या पण आहेत. मुलीने चूक कबूल केली म्हणतो आणि पासपुरते मार्क देववतो. अकरा वाजेपर्यंत आण." मी म्हणाले, "सर, तुम्हाला तर माहीत आहे." ते म्हणाले, "मला माहीत असून काय फायदा? त्यांच्यासमोर आता मी काय सांगू, विद्यार्थ्यांकडून झाडं मागवतो म्हणून?" म्हणजे आठवत होतं. सगळं आठवत होतं.

तशीच उठून मी दुपारची बस धरली आणि गावी गेले. आई बांधावरून धानाचा भारा घेऊन येत होती, मला अवेळी पाहून तिथंच उतरवला. मी रडत रडत सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "लिहून दे आन मोकळी हो. मोठ्या लोकायच्या नादी लागू नोको." आई भडकली. "खोटं कायले लिहून देईल ते? चोरी केली का तिनं? तिच्या सरले सांगता येत नसल तं मी सांगतो. उद्या मी येतो सोबत." मला इतका धीर आला की मी त्या संध्याकाळी पोटभर जेवले.

सकाळी उठून पाहते तर आई अंगणात तयार. अंगावर लग्नकार्याला नेसायचं लुगडं आणि हातात पिशवी. उजाडताच बांधावर जाऊन आली होती. माका, तरोटा, आघाडा, जे जे अजून उभं होतं ते मुळासकट, मातीसकट उपटून आणलं होतं. म्हणाली, "दाखवतो त्याले. म्हणा, हे कोठी उगवते ते सांग."

पवनीला आम्ही भंडाऱ्याच्या बसमध्ये बसलो. बस सुटायच्या आधी माझ्या वर्गातल्या दोन मुली चढल्या. तिथूनच रोज जाणं-येणं करायच्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग तिच्या पायांकडे. चिखलाने फाटलेल्या टाचा, पिशवीतून सीटवर सांडलेली माती. एकीने दुसरीला कोपर मारलं. बस्स, एवढंच झालं. कोणी काही बोललं नाही, हसलंसुद्धा नाही नीट. आणि मी आईला म्हणाले, "तू इथूनच परत जा."

"काहून वं?"

"परीक्षा चालू आहे. तिथं बाहेरच्या माणसाले आत येऊ देत नाही."

"मी बाहेरची आहो का?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. म्हणाले, "मी सांगते ना सरांना बरोबर. तू नोको येऊ." आईने पिशवी माझ्याकडे केली, निदान हे तरी घेऊन जा म्हणून. मी पिशवीही घेतली नाही. ती उतरली. बस सुटली तेव्हा ती स्टँडवर आसगावच्या गाडीची पाटी शोधत होती.

सरांवर राग आहे, त्या मुलीवर आहे, परीक्षकांवर आहे. पण त्या तिघांना मिळून जेवढा नाही, तेवढा राग त्या सकाळच्या माझ्यावर आहे. ती आली असती तर काय झालं असतं कोणास ठाऊक. कदाचित शिपायाने गेटवरच अडवलं असतं. पण मी तिला गेटपर्यंतही जाऊ दिलं नाही.

अकराला दहा मिनिटं होती तेव्हा मी सरांच्या टेबलासमोर उभी राहून माफीनामा लिहिला. सर सांगत गेले, मी लिहीत गेले. झाडं मी स्वतः गोळा केलेली नाहीत, हे लिहिताना हात थांबला. ते खरंच होतं ना. ज्या बाईने ती गोळा केली होती तिला मी आत्ताच पवनीच्या स्टँडवर उतरवून आले होते. सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं." काठावर पास झाले. वसतिगृहाची जागा राहिली.

संध्याकाळी आईचा फोन आला. "सांगतलं का सरले?" मी म्हणाले, हो, सांगितलं. ऐकून घेतलं. चूक झाली म्हणाले. तुझ्या आईने फार मेहनत घेतली म्हणाले. तोंडातून एकामागून एक खोटं निघत गेलं, मला थांबवताच येईना. आई खूश झाली. "मंग मनानं चांगला माणूस आहे तो. चुकते कोणीबी." आणि पुढच्या पंधरवड्यात तिने नव्या धानाचे पाच किलो तांदूळ बांधून दिले. "सरले दे. म्हणा, आईनं देल्ले."

मी ते सरांना देणार होते? मी ते वसतिगृहाच्या मेसमध्ये नेऊन दिले. दोन दिवस सगळ्या मुली वास घेत घेत जेवल्या. आईने विचारलं, "आवडले का?" मी म्हणाले, खूप. तेव्हापासून दर वर्षी नवं धान निघालं की सरांचे तांदूळ येतात, निवडून, पाखडून, एक खडा नाही. घरात खायला जो ठेवते त्याहून चांगले. सर अजून त्याच डिपार्टमेंटला आहेत, मला व्हरांड्यात दिसले की हसतात. एखाद्या सोमवारी त्यांच्या टेबलाजवळ नव्या बॅचचं कोणीतरी ओली पिशवी घेऊन उभं असतं. मी पाहते आणि तोंड दाबून पुढे जाते, कारण माझ्या हातचा कागद त्यांच्या कपाटात आहे.

यंदा माझं शेवटचं वर्ष. गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. म्हणाली, "औंदा तांदूळ मीच घेऊन येतो. तू आता शिकून बाहेर पडशीन, मंग कवा भेटन त्यायची? एकदा सरच्या पाया पडतो."

पाया पडतो म्हणाली. त्या माणसाच्या. मी कॉटवर बसले होते, तिथून उठून भिंतीजवळ गेले आणि सगळं सांगितलं. माफीनामा सांगितला, त्यात काय लिहिलं ते सांगितलं, तांदूळ कोणी खाल्ले ते सांगितलं. बसमधून तिला का उतरवलं तेही सांगितलं, बाहेरच्या माणसाचं काही नव्हतं, मला तुझी लाज वाटली होती. मला वाटलं फोन कटला. दोनदा आई, आई केलं.

"आयकून राहिली मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "येतोच मी सोमवारी. तांदूळ नाही आणत."

मी म्हणाले, सर साडेदहाला येतात, मी तुला घ्यायला पवनीला येते.